माफी तुमची, पैसे त्यांचे

आमच्या मंडळीचे (चर्चचे) पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

याआधी मी कमिटीला दोन पत्रे लिहिली. पहिले सेक्रेटरींच्या हातात दिले, दुसरे पोस्टाने पाठवले. दोन्हींचे उत्तर आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र उघडे लिहिते आहे. दुसरेही एक कारण आहे. ज्या 22 बायकांचे बचतीचे पैसे गेले आणि परत मिळाले नाहीत, त्यांतल्या 9 जणी आपल्या मंडळीच्या नाहीत. त्यांची नावे आपल्या रजिस्टरात नाहीत, सभेत त्यांना बोलता येत नाही, मत देता येत नाही. त्यांची बाजू चार भिंतींच्या आत मांडून भागणार नाही. मंडळीचे नाव मी लिहीत नाही आणि ज्या खजिनदार भावाच्या हातून ते पैसे गेले त्याचेही नाही. त्याला उघडे पाडण्यासाठी हे पत्र नाही.

हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. मी 34 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या बचतीची वही माझ्याकडे आली. आठवड्याला 50 रुपये. बहुतेक जणी विडी कामगार. पान भिजवायचे, पुसायचे, कापायचे, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, सुताने बांधायची. 1000 विड्या झाल्या की एक मजुरी. खराब म्हणून जेवढ्या बाजूला काढल्या जातात तेवढ्या गेल्या. त्यातून राहिलेल्या पैशांतले हे 50 रुपये. कुणाचे मुलीच्या फीसाठी, कुणाचे चष्म्यासाठी, एकीचे घराच्या पत्र्यासाठी. साडेतीन वर्षांत एकेकीचे 9100 रुपये झाले. वहीत मी लिहीत होते, पैसे खजिनदार भाऊ बँकेत भरत होते. पासबुक मी एकदाही मागितले नाही. मंडळीतल्या अशा जुन्या घराण्यातल्या माणसाकडे पासबुक मागायचे, हे माझ्या मनातच आले नाही. ही माझी चूक आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

पैसे बँकेत नव्हते. भावांच्या पत्नीच्या दवाखान्याच्या खर्चात गेले होते. पहिल्यांदा 5000, मग परत ठेवू म्हणून 10000, मग ठेवायला काही उरलेच नाही. भाऊ माझ्या घरी आले, ओसरीवर बसून रडले. मी त्यांना पाणी दिले, चहा दिला. त्यांचे रडणे खरे होते. यावर कुणी वाद घालायला आले तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

मग उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तय 20 वाचला, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला: सकाळपासून राबलेल्यांना आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांना मालक सारखाच एक दीनार देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात. उपदेश चांगला झाला, मनाला लागला. शेवटी सांगण्यात आले की प्रभूने आपल्या भावाला क्षमा केली आहे, कमिटीनेही केली आहे, विषय आता बंद झाला; आणि जी अजूनही हिशोब मागत राहील तिने स्वतःला विचारावे की आपण सकाळी लवकर आलेल्या त्या कुरकुर करणाऱ्या मजुरांसारख्या तर नाही ना?

त्या रात्री मी तो दाखला पुन्हा काढला. चार वेळा वाचला. माझे म्हणणे त्या दाखल्यातूनच निघाले आहे.

माझा भाऊ नान्नजच्या बाजूला द्राक्षबागेत मुकादम होता. हा दाखला त्याला वाचून दाखवला तेव्हा त्याने पहिल्यांदा काय विचारले असेल? मालक दिवसातून पाच वेळा अड्ड्यावर का गेला? आणि उत्तरही त्यानेच दिले. माल तयार असतो, आभाळ भरून येते, पाऊस लागला की मणी तडकतो. अशा दिवशी मालक मिळेल तो माणूस गाडीत घालून आणतो. पण पाच वाजता आणलेल्याला पूर्ण रोज? असा मालक मी पाहिला नाही, तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तरी पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर उभं राहिलेल्या माणसालाबी घरी जाताना पीठ न्यायचंच असतंय की." प्रभूने दाखल्यात नेमके तेच सांगितले आहे. दीनार म्हणजे मजुराच्या एका दिवसाची मजुरी, एका घराचे एका दिवसाचे पोट. ते लोक आळशी नव्हते. तुम्ही दिवसभर इथे का उभे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की आम्हाला कुणी कामाला लावले नाही. सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर हे वाक्य किती घरांनी किती वर्षे ऐकले, ते मी कमिटीतल्या जुन्या गिरणी कामगारांच्या मुलांना सांगायला नको.

आता मालकाने कुरकुरणाऱ्याला दिलेले उत्तर बघा. मित्रा, मी तुझ्यावर अन्याय करत नाही, आपले एक दीनार ठरले होते ना? आधी हे वाक्य येते. माझ्या पैशांचे मला वाटेल ते करायचा मला हक्क नाही का, हे त्याच्या नंतर येते. सकाळी आलेल्याला ठरलेला दीनार पूर्ण मिळाला. त्याच्यातून एक पैसाही कापून संध्याकाळच्या माणसाला दिलेला नाही. उदारपणा मालकाच्या स्वतःच्या थैलीतून झाला. त्या मालकाने सकाळच्या मजुरांचे दीनार काढून पाच वाजताच्यांना वाटले असते आणि वर सांगितले असते की कुरकुर करू नका, ही कृपा आहे, तर प्रभूने तो दाखला स्वर्गाच्या राज्याचा म्हणून सांगितला असता का?

आपण नेमके तसे केले आहे. उदार आपण झालो आणि थैली त्या बायकांची उघडली.

कृपेच्या शिकवणीबद्दल मला शंका नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्या पत्राचा तोच अर्थ काढला जाईल. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झाले, ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये: इफिसकरांस पत्रातला दुसरा अध्याय मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतला आहे. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो म्हणणाऱ्या पेलागियसशी पाचव्या शतकात ऑगस्टीन याच मुद्द्यावर भांडला. लुथरने 1517 साली याच मुद्द्यावर युरोप हलवला, आणि 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेनेच. जवळजवळ पाचशे वर्षांचे भांडण होते ते. पण हे सगळे देवापुढे माणूस कसा उभा राहतो याबद्दल आहे. शेजारणीच्या 9100 रुपयांचे काय, हा प्रश्न त्यातल्या कुणीही कृपेच्या खात्यावर टाकलेला नाही. लुथरच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य पश्चात्ताप व्हावे, असे त्याच्या मनात होते. आपल्याकडे तो एका रविवारी, घोषणेच्या दोन मिनिटांत उरकला. पश्चात्तापावाचून वाटलेल्या क्षमेला जर्मन पाळक बोनहोफर स्वस्त कृपा म्हणत असे, आणि हा माणूस पुढे नाझींच्या फासावर गेला. कृपा महाग असते म्हणजे काय, ते त्याला वाचून कळले नव्हते.

पौलाने फिलेमोनला लिहिलेले पत्र काढा. अवघी 25 वचने आहेत. फिलेमोन धनी, अनेसिम त्याच्याकडून निघून गेलेला दास. पौल त्याच्यासाठी रदबदली करतो आहे, त्याला भाऊ म्हणून घे म्हणतो आहे. यापेक्षा मोठी कृपेची मागणी कुठली? तरीही अठराव्या वचनात पौल थांबतो आणि म्हणतो की त्याने तुझे काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड. आणि मग, मी पौल माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन. स्वतः तुरुंगात असलेला माणूस हे लिहितो. फिलेमोनला तो सांगू शकला असता की सोडून दे, तू ख्रिस्ती आहेस. त्याने तसे केले नाही. स्वतःची सही केली.

आपल्या कमिटीच्या ठरावावर सह्या आहेत सात. त्यांतली एकही "मी फेडीन" म्हणून झालेली नाही.

मंगळवेढा आपल्यापासून किती दूर आहे? दामाजीपंतांची गोष्ट या जिल्ह्यात लहान पोरालाही येते. माझी आजी बाप्तिस्मा घेतल्यानंतरही ती सांगायची, आणि तिला त्यात काही अडचण वाटत नसे. मलाही वाटत नाही. मोठा दुष्काळ पडला, माणसे झाडपाला खाऊ लागली, आणि दामाजींनी बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार लोकांना खुले केले. आजी इथे नेहमी थांबायची आणि आम्हाला विचारायची, धान्य कुणाचं होतं? बादशहाचं, आम्ही म्हणायचो. मग? मग विठोबा स्वतः विठू महार होऊन बेदरला गेला, दरबारात मोहरांची थैली ओतली, पावती घेतली आणि दामाजींची सुटका झाली. आजी म्हणायची, देवानं दरबारात जाऊन "जाऊ द्या हो बादशहा, माफ करा" असं सांगितलं नाही. देवानं पैसे भरले. ती अंगठा उठवणारी बाई होती. वधस्तंभाबद्दल मी पुढे पुष्कळ प्रवचने ऐकली. पण दुसऱ्याचे देणे देव स्वतः भरतो, हे मला कळले ते तिच्या मांडीवर.

या गोष्टीत तर दामाजींनी उपाशी माणसे जगवली होती. तरीही ज्याचे होते त्याचे भरून द्यावे लागले, आणि देवाला ते कमीपणाचे वाटले नाही.

घोषणेनंतरच्या मंगळवारी मी विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. आमच्या बचतीत एक पद्मशाली आजी आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात. सूप मांडीवरच होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टीचर, तुमच्या देवानं त्याला माफ केलं, लई चांगलं केलं. पण पैसे आमचे होते की हो." मी तिथे बसून राहिले. मला उत्तर आले नाही. बायबल हातात घेऊन 40 वर्षे फिरलेल्या बाईला उत्तर आले नाही, कारण अक्कांच्या बोलण्यात चूक नव्हती. क्षमा करायचा हक्क ज्याचे गेले त्याचा. अक्कांनी ती दिली असती, कदाचित उद्याही देतील. त्यांना कुणी विचारले होते का? एकीला तरी?

आणि आता जे लिहिते ते लिहिताना हात जड होतो. आठ वर्षांपूर्वी आपल्या आवारातल्या झाडूवाल्यावर अर्पणाच्या पेटीतले 600 रुपये घेतल्याचा आळ आला. त्याने कबूल केले, घरी तान्हे मूल आजारी होते असे सांगितले. पुढच्या महिन्यात त्याची नोकरी गेली, सभासदांच्या यादीतून नाव गेले, प्रभुभोजनाला त्याला बसू दिले नाही. तेव्हा मत्तय 20 कुणी वाचला नाही. मीही उठून बोलले नाही. दोघांनी घेतले, दोघांच्या घरी आजारपण होते, दोघेही रडले. एकाच्या आजोबांचे नाव मंडळीच्या कोनशिलेवर आहे, दुसऱ्याच्या नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय यावरच आहे: सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की तू इथे चांगल्या जागी बस, आणि मळके कपडे घातलेला आला की तू तिथे उभा राहा. याकोब त्याला शिष्टाचारातली चूक म्हणत नाही, पाप म्हणतो. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे लिहिले आहे.

यावर कुणी म्हणेल, बाईंना त्या भावालाही हाकलून लावायचे आहे. नाही. त्यांना प्रभुभोजनाच्या मेजाशी बसू द्या, येत्या रविवारीच बसू द्या, मी त्यांच्या शेजारी बसेन. माझी तक्रार उलटी आहे. तुम्ही त्या भावावरही अन्याय केला आहे. ओसरीवर रडताना त्यांनी मला सांगितले होते की दर महिन्याला थोडे थोडे परत देतो, गाडी विकतो. हीच गोष्ट ते कमिटीलाही सांगायला आले होते. त्यांना उत्तर मिळाले, आता काही करू नका, उगाच चर्चा वाढते. यरीहोत लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय उंबराच्या झाडावरून उतरला तेव्हा प्रभूने त्याला आधी हिशोब विचारला नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, असे म्हटले. कृपा आधी गेली. पण मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. प्रभूने त्याला असू दे, असू दे म्हणून खाली बसवले नाही. त्यावर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झाले. आपण आपल्या भावाला उभे राहू दिले नाही. त्याच्या आयुष्यातले हे एक वाक्य होते आणि आपण ते त्याच्या तोंडून काढून घेतले, मंडळीचे नाव खराब होऊ नये म्हणून. आता तो रस्त्यात अक्का दिसल्या की दुसऱ्या बाजूने जातो. ही माफी त्याच्या काय कामाची?

चौपट कुणी मागत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. बायका तेवढेही मागत नाहीत. त्यांना 9100 हवे आहेत.

त्यांना ते आधी मंडळीने द्यावेत, माझे एवढेच मागणे आहे. कापणीच्या सणाचे अर्पण शिल्लक आहे, कंपाउंडच्या भिंतीच्या रंगासाठी ठेवलेले. भिंत एक वर्ष बिनरंगाची राहील. उरलेले आपण, कमिटीचे सभासद आणि मी, वाटून घेऊ. मग भावाने त्याला झेपेल तसे, दोन वर्षांत, चार वर्षांत, मंडळीला फेडावे आणि प्रत्येक हप्ता त्याने स्वतः आणून द्यावा. हप्ता देताना त्याची मान ताठ राहील. आणि त्या झाडूवाल्याचे कुटुंब आता अक्कलकोट रोडला राहते. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन त्यांना बोलावून आणावे, रजिस्टरात नाव पुन्हा लिहावे. त्याच्या बायकोला मी भेटून आले आहे. ती येईन म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही. पाळकसाहेब गेले तर फरक पडेल.

माझ्या चुकीबद्दल म्हटले होते. वहीच्या प्रत्येक पानावर तळाशी माझी सही आहे. जमा पैसे बरोबर आहेत असे मी साडेतीन वर्षे, न बघता, लिहून दिले. म्हणून पहिले 9100 मी पेन्शनीतून काढले आहेत. ते अक्कांचे. त्यांना हे मी अजून सांगितलेले नाही, कारण एकट्या बाईने दिले तर ते दान होते आणि अक्कांना दान नको आहे. मंडळीने दिले तर ते त्यांचे त्यांना परत मिळते. हा फरक त्यांना कळतो. आपल्यालाही कळावा म्हणून एवढे लिहिले.

येत्या रविवारी उपासनेनंतर मी वही घेऊन व्हरांड्यात बसणार आहे. बावीसही जणींना निरोप दिला आहे. ज्या मंडळीच्या नाहीत त्याही येतील. भावालाही मी सांगितले आहे, तो काय करतो ते त्याच्यावर आहे. कमिटीने यावे. अक्कांचे गुडघे दुखतात, त्यांना जमिनीवर बसता येत नाही. तेव्हा आतली एक खुर्ची आधीच बाहेर काढून ठेवावी, ही विनंती.

आपली बहीण,
महिला मंडळाची वही सांभाळणारी एक सभासद
सोलापूर